एकाच स्वादुपिंडातल्या दोन गाठी

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



२०१८ सालचे फेब्रुवारी-मार्च आठवा. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर आजारी असल्याच्या बातम्या फेब्रुवारीत सुरू झाल्या. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, हे गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी त्याच वर्षी पुढे जाहीरपणे सांगितलं. आणि मार्चमध्ये इरफान खान यांनी स्वतःच कळवलं की आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झालाय. 'न्यूरो' म्हटलं की दर वेळी मेंदूच असतो असं नाही, हेही त्यांनी तेव्हाच लिहिलं होतं. पर्रीकर १७ मार्च २०१९ ला गेले, इरफान २९ एप्रिल २०२० ला.

तिसरं नाव स्टीव्ह जॉब्सचं. २०११ मध्ये ते गेले तेव्हा 'स्वादुपिंडाच्या कॅन्सरने निधन' असंच बहुतेकांनी वाचलं. पण त्यांची गाठ स्वादुपिंडातली असली, तरी ती न्यूरोएंडोक्राइन जातीची होती. २००३ मध्ये निदान झालं, २००४ मध्ये ऑपरेशन झालं आणि त्यानंतर ते सात वर्षं जगले. नेहमीच्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये इतकी वर्षं फार थोड्यांच्या वाट्याला येतात.

आता तीन माणसांवरून आजाराचे नियम काढायचे नसतात. पण या तीन बातम्यांमुळे लोकांच्या मनात जो गोंधळ झाला, तो मला रोजच्या कामात दिसतो. नातेवाईक फाईल घेऊन येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, पॅनक्रियाचा कॅन्सर आहे म्हणे, आता काय उरलं?" फाईल उघडून पाहावं तर कधी खरोखरच कठीण आजार असतो, आणि कधी बायोप्सीत असं काही लिहिलेलं असतं की त्यावर अनेक वर्षांचे उपाय असतात. ही दोन दुखणी वेगळी आहेत हे कसं कळलं आणि त्यातून उपचार कसा निघाला, ते आज सांगणार आहे. गोष्ट एका स्विस संशोधकाभोवती फिरते. ज्याँ क्लोद रॉयबी हे त्यांचं नाव.

एक अवयव, दोन कारखाने

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवं पडलेलं असतं. लांबी साधारण १५ सेंटिमीटर, वजन १०० ग्रॅमच्या आसपास. इतकं आत की हाताला लागत नाही आणि गाठ लहान असताना सहसा दुखतही नाही.

या अवयवात दोन कारखाने एकाच छपराखाली चालतात. मोठा कारखाना पाचक रसाचा. पेशी रस तयार करतात आणि तो बारीक नळ्यांमधून लहान आतड्यात जातो. दुसरा कारखाना अगदी छोटा, एकूण वजनाच्या एक-दोन टक्के. १८६९ मध्ये बर्लिनमध्ये पाउल लांगरहान्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला आपल्या प्रबंधासाठी काम करताना सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे वेगळे पुंजके दिसले. ते कशासाठी आहेत, हे त्याला सांगता आलं नाही. आज आपण त्यांना लांगरहान्सची बेटं म्हणतो. माणसाच्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख बेटं असतात. इन्सुलिन तिथेच तयार होतं आणि थेट रक्तात सोडलं जातं.

आपण ज्याला सर्रास 'स्वादुपिंडाचा कॅन्सर' म्हणतो, तो पहिल्या कारखान्याच्या नळ्यांमधून उठतो. शंभरातले सुमारे नव्वद याच जातीचे. न्यूरोएंडोक्राइन गाठ मात्र हार्मोन बनवणाऱ्या पेशींची असते. अशा पेशी फक्त स्वादुपिंडात नसतात. जठर, आतडी, फुप्फुसं, सगळीकडे विखुरलेल्या असतात. म्हणून ही गाठही शरीरात कुठेही सापडू शकते.

नावानं केलेला घोटाळा

१९०७ मध्ये म्युनिकच्या सिगफ्रीड ओबेर्नडॉर्फर यांनी लहान आतड्यातल्या काही गाठींचं वर्णन केलं. दिसायला कॅन्सरसारख्या, पण वाढ अगदी संथ. त्यांनी नाव दिलं 'कार्सिनॉइड', म्हणजे कॅन्सरसारखं काहीतरी. १९२९ मध्ये त्यांनीच सांगितलं की यातल्या काही गाठी घातक असतात, पसरतात. पण एव्हाना नाव रुळलं होतं. पुढे १९३३ मध्ये ज्यू असल्यामुळे त्यांना जर्मनीत पद गमवावं लागलं आणि ते इस्तंबूलला गेले. दुरुस्ती करणारा माणूस दूर गेला आणि 'कार्सिनॉइड म्हणजे निरुपद्रवी' हा समज मात्र कित्येक दशकं टिकून राहिला.

म्हणजे बघा, एका बाजूला 'पॅनक्रियाचा कॅन्सर' या शब्दाची जरुरीपेक्षा जास्त भीती, दुसऱ्या बाजूला 'कार्सिनॉइड' या शब्दाचा जरुरीपेक्षा जास्त दिलासा. दोन्हीकडे नावानं फसवलं. यातून बाहेर पडायला गाठीच्या पेशीलाच विचारायला हवं होतं, "तू कोण?"

शोधत होते वेग, सापडला ब्रेक

आता थोडं कॅलिफोर्नियात जाऊ. साल्क इन्स्टिट्यूटमध्ये रॉजर गियमाँ यांचा गट, शरीराची वाढ घडवणारं हार्मोन मेंदूतून कशामुळे सुटतं, ते शोधत होता. त्यासाठी लाखो मेंढ्यांच्या मेंदूचे तुकडे वापरले गेले. १९७३ मध्ये त्यांच्या हाती आला तो नेमका उलटा पदार्थ. हार्मोन सोडणारा नाही, थांबवणारा. चौदा अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. तिचं नाव सोमॅटोस्टॅटिन.

गंमत अशी की, ज्या 'सोडणाऱ्या' पदार्थासाठी ही सगळी धडपड होती, तो १९८२ मध्ये सापडला तो माणसाच्या स्वादुपिंडातल्या गाठीत! त्या रुग्णाचे हातपाय, जबडा वाढत चालले होते, कारण त्याची गाठच तो पदार्थ बनवत होती. मेंढ्यांच्या मेंदूत जे हाती लागलं नाही, ते एका न्यूरोएंडोक्राइन गाठीनं भरभरून दिलं.

असो. सोमॅटोस्टॅटिन हा शरीराचा ब्रेक आहे. इन्सुलिन, ग्लुकॅगॉन, गॅस्ट्रिन, वाढीचं हार्मोन, सगळ्यांना तो आवरतो. साहजिकच डॉक्टरांना वाटलं, गाठीमधून हार्मोन बेसुमार वाहतंय तिथे हा द्यावा. अडचण एकच. रक्तात तो दोन-तीन मिनिटांत मोडून जातो. बाझेलच्या सँडोझ कंपनीत विल्फ्रीड बाउअर आणि सहकाऱ्यांनी त्याची छोटी, चिवट नक्कल तयार केली. ती आठ दुव्यांची साखळी, १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेली, दीड तासापर्यंत टिकणारी. हेच ऑक्ट्रिओटाइड. चेहरा लालबुंद होणं, दिवसाला दहा-दहा वेळा जुलाब होणं अशा त्रासाला या इंजेक्शनानं मोठा उतार पडला.

रॉयबींचे काप

पण सगळ्यांना सारखा गुण येईना. कुणाला येतो आणि कुणाला नाही, हे आधी कसं ओळखायचं? इथे रॉयबी येतात. ते तेव्हा बर्नमध्ये सँडोझच्या संशोधन संस्थेत होते, पुढे बर्न विद्यापीठाच्या पॅथॉलॉजी विभागात त्यांनी काम केलं.

हार्मोन पेशीशी बोलतं ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरमार्फत. रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि हार्मोन म्हणजे त्याची किल्ली. कुलूपच नसेल तर किल्ली कितीही चांगली असो, उपयोग शून्य. रॉयबींचा प्रश्न साधा होता. माणसाच्या खऱ्या गाठीवर ही कुलपं आहेत का, किती आहेत, आणि नेमकी कुठल्या पेशींवर आहेत?

त्यांची पद्धत सांगतो. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा लगेच गोठवायचा. त्याचे केसाहूनही पातळ काप करून काचेवर घ्यायचे. त्यावर किरणोत्सारी खूण लावलेली किल्ली सोडायची. जी चिकटणार नाही ती धुऊन टाकायची. मग त्या कापावर फोटोची फिल्म ठेवून अंधारात काही दिवस थांबायचं. जिथे कुलपं, तिथे किल्ली अडकलेली, आणि तिथेच फिल्म काळी पडलेली. शेजारच्याच कापावर, खूण नसलेली साधी किल्ली भरमसाठ ओतून तोच प्रयोग पुन्हा करायचा. साध्या किल्ल्यांनी सगळी कुलपं आधीच अडवली, की फिल्म कोरी राहिली पाहिजे. नाही राहिली, तर पहिला काळा डाग खोटा समजायचा.

खूण लावण्यातही एक कसब होतं. किरणोत्सारी आयोडीन चिकटायला टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल लागतं आणि ऑक्ट्रिओटाइडमध्ये ते नव्हतंच. म्हणून साखळीतला तिसरा दुवा बदलून तिथे टायरोसिन बसवलं. किल्ली कुलपात पहिल्यासारखीच बसत राहिली.

अशा कापांवर न्यूरोएंडोक्राइन गाठी काळ्याकुट्ट दिसल्या. आसपासच्या निरोगी ऊतीपेक्षा कितीतरी जास्त कुलपं. कार्सिनॉइडवर होती, स्वादुपिंडातल्या बेटांच्या गाठींवर होती, त्यांच्या यकृतात गेलेल्या पिल्लांवरही होती.

'नाही' हे उत्तर

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. १९८८ मध्ये रॉयबी आणि रॉटरडॅमचे स्टीव्हन लॅम्बर्ट्स यांच्या गटानं हाच प्रयोग स्वादुपिंडाच्या नेहमीच्या, म्हणजे नळ्यांतून उठणाऱ्या कॅन्सरवर केला. फिल्म कोरी निघाली. कुलपं नाहीत.

त्या काळात आशा होती की ऑक्ट्रिओटाइड या जीवघेण्या कॅन्सरवरही चालेल. प्राण्यांवरच्या प्रयोगांनी ती आशा वाढवली होती. कोरी फिल्म सांगत होती, जपून. पुढे रुग्णांवर मोठ्या चाचण्या झाल्या आणि त्यात खरोखरच आयुष्य वाढलं नाही.

'सापडलं' अशी बातमी होते, 'नाही सापडलं' अशी होत नाही. पण त्या एका 'नाही'मुळे दोन दुखणी कायमची वेगळी झाली. अवयव तोच, स्कॅनवर दिसणारी जागा तीच, पण पेशीच्या दारावरचं कुलूप वेगळं. एकाचं औषध दुसऱ्याला लागू नाही, आणि एकाचं भविष्यही दुसऱ्याला लावायचं नाही.

आधी दिवा, मग मारा

कापावर दिसतं ते जिवंत माणसात दिसेल का? रॉटरडॅमला एरिक क्रेनिंग यांनी खूण लावलेली तीच किल्ली रुग्णांच्या शिरेतून दिली आणि कॅमेऱ्याखाली गाठी उजळल्या. हे १९८९ मध्ये छापून आलं. मग आयोडीनऐवजी इंडियम आलं, कारण आयोडीनची किल्ली यकृतावाटे आतड्यात उतरून पोटाचं चित्र धूसर करत होती. आज गॅलियम-६८ वापरून पेट स्कॅन होतो. आपल्याकडे मोठ्या शहरांत हाच 'डोटा स्कॅन' म्हणून ओळखला जातो.

इथून पुढची पायरी जवळजवळ आपोआप सुचते. किल्ली कुलपात बसली की पेशी दोघांना आत ओढून घेते. मग किल्लीला दिव्याऐवजी जास्त ताकदीचा किरणोत्सारी अणू बांधला तर? तो आत जाऊन पेशी मारेल. बाझेलचे हेल्मुट मेके यांनी अणू घट्ट धरून ठेवणारा रासायनिक चिमटा किल्लीला जोडण्यावर मोठं काम केलं. अणू निवडला गेला ल्यूटेशियम-१७७. त्याचे बीटा किरण ऊतीत फार तर दोन मिलिमीटर जातात. म्हणजे गाठीला मार आणि लांबच्या पेशी बऱ्याच अंशी सुरक्षित.

२०१७ मध्ये यावरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. लहान आतड्याकडच्या, पसरलेल्या गाठींचे २२९ रुग्ण. अर्ध्यांना आठ-आठ आठवड्यांनी चार डोस, बाकीच्यांना ऑक्ट्रिओटाइडचा वाढवलेला डोस. वीस महिन्यांनी आजार न वाढलेले पहिल्या गटात ६५ टक्के होते, दुसऱ्यात ११ टक्के. २०१८ मध्ये अमेरिकेत जठर, आतडी आणि स्वादुपिंडाच्या अशा गाठींसाठी हा उपचार मंजूर झाला.

एक मुंबईकर गोष्ट इथे सांगायलाच हवी. ल्यूटेशियम-१७७ चं अर्धायुष्य सुमारे साडेसहा दिवसांचं आहे. साठा करून ठेवायची सोय नाही, बनवायचं आणि लगेच वापरायचं. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीत ते तयार होतं. आणि भाभा केंद्राचंच रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला, टाटा हॉस्पिटलच्या आवारात आहे. बर्नच्या फिल्मवरचा तो काळा डाग परळच्या खाटेवर उपचार म्हणून पोचतो, त्यामागे ट्रॉम्बेची भट्टी आहे.

या उपचाराला मर्यादा आहेत, त्या लपवू नयेत. ही औषधं मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, म्हणून सोबत अमिनो आम्लांचं सलाईन लावून मूत्रपिंड जपावं लागतं. अस्थिमज्जेवर परिणाम होतो, आणि शंभरातल्या साधारण दोघांना पुढे रक्ताचा गंभीर आजार होऊ शकतो. आणि डोटा स्कॅनवर गाठ उजळलीच नाही, तर हा उपचार द्यायचाच नसतो. आधी दिवा लावून बघायचं, दिसलं तरच मारा.

सगळ्याच न्यूरोएंडोक्राइन गाठींवर हे एकच कुलूप असतं असंही नाही. इन्सुलिनोमा घ्या. ही बहुधा दोन सेंटिमीटरहून लहान गाठ असते. ती अवेळी इन्सुलिन सोडते आणि माणूस पहाटे घामाघूम होऊन बेशुद्ध पडतो. तिच्यावर सोमॅटोस्टॅटिनचं कुलूप अनेकदा कमी असतं. रॉयबींना तिच्यावर दुसरंच कुलूप खच्चून भरलेलं आढळलं, जीएलपी-१ नावाचं. हल्ली वजन उतरवणारी जी इंजेक्शनं गाजताहेत, ती याच कुलपाच्या किल्ल्या. या कुलपाचा वापर करून बाझेलच्या डॉक्टरांनी इतर तपासण्यांत न सापडलेल्या इन्सुलिनोमा शोधून दाखवल्या.

मग त्या दुसऱ्या गाठीचं काय?

नळ्यांतून उठणाऱ्या कॅन्सरचं चित्र अजून कठीणच आहे. निदान होतं तेव्हा शंभरातल्या जेमतेम पंधरा-वीस जणांचं ऑपरेशन करता येतं. अमेरिकेत सगळे टप्पे एकत्र धरले, तरी पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण साधारण १३ टक्के. पण इथेही प्रश्न तोच विचारला जातोय, "या पेशीचं वैशिष्ट्य काय?" यातल्या नव्वद टक्क्यांच्या आसपास गाठींमध्ये 'के-रास' नावाच्या जनुकात बिघाड असतो. तो बिघडलेला भाग औषधानं पकडताच येणार नाही असं कित्येक वर्षं मानलं गेलं. २०१३ नंतर ते मत बदलू लागलं. बीआरसीए जनुकात दोष असलेल्या थोड्या रुग्णांना वेगळ्या गोळीचा फायदा होतो, हे २०१९ मध्ये दिसलं. म्हणून या आजारातही जनुकांची तपासणी टाळू नये.

रिपोर्टमध्ये काय बघायचं

घरी कुणावर वेळ आली तर तीन प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारा.

पहिला, बायोप्सीत जात कोणती लिहिली आहे? 'अडेनोकार्सिनोमा' की 'न्यूरोएंडोक्राइन'? क्रोमोग्रॅनिन, सिनॅप्टोफायसिन हे शब्द दिसले, तर तपासणी दुसऱ्या जातीची खूण शोधत होती असं समजा. त्यापुढे 'पॉझिटिव्ह' लिहिलंय की 'निगेटिव्ह', ते बघा.

दुसरा, 'की-६७' किती? किती टक्के पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत, ते हा आकडा सांगतो. ३ पेक्षा कमी म्हणजे पहिली श्रेणी, ३ ते २० दुसरी, २० च्या वर तिसरी. न्यूरोएंडोक्राइन हा शब्द दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. वरच्या श्रेणीतली, पेशींची ओळख पुसलेली गाठ फार वेगानं वाढते आणि तिचे उपचार वेगळे असतात.

तिसरा, डोटा स्कॅनची गरज आहे का?

हे तीन प्रश्न विचारायला वैद्यकाची पदवी लागत नाही. पण पहिल्या भेटीत रडू आवरत असताना ते सुचत नाहीत, म्हणून आज सांगून ठेवतोय.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: माझ्या वडिलांना नेहमीचा स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. त्यांना ल्यूटेशियम देता येईल का?

उत्तर: नाही. या गाठीवर ते कुलूप नसतं. असं कुणी परस्पर सुचवलं, तर आधी बायोप्सीचा रिपोर्ट आणि स्कॅन दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा. पैसा आणि दिवस, दोन्ही मोलाचे आहेत.

प्रश्न: ल्यूटेशियमनं गाठ पूर्ण जाते का?

उत्तर: क्वचितच. मघाच्या चाचणीत स्पष्टपणे आकसलेल्या गाठी १८ टक्के रुग्णांतच होत्या. मुख्य फायदा आहे तो गाठ थोपवून धरण्याचा. रोग आहे तिथेच थांबला आणि माणूस नोकरीवर, शेतावर, नातवंडांत राहिला, तर तेही मोठं यश आहे. मात्र "बरं होईल" आणि "आटोक्यात राहील" यातला फरक रुग्णाला आधीच सांगायला हवा.

प्रश्न: मधुमेह असला की स्वादुपिंडाचा कॅन्सर होतो का?

उत्तर: मधुमेह असणाऱ्या बहुसंख्य लोकांना तो होत नाही, घाबरू नका. पण पन्नाशीनंतर अचानक नव्यानं साखर वाढली आणि सोबत वजन कारण नसताना उतरतंय, किंवा न दुखता कावीळ झाली, तर झाडपाल्यात महिना घालवू नका. पोटाचा सीटी स्कॅन करायचा का, ते डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: रॉयबींच्या कामातलं तुम्हाला सगळ्यात काय भावतं?

उत्तर: तो शेजारचा काप. स्वतःचा काळा डाग खरा आहे की खोटा, हे तपासायला दर वेळी ठेवलेला. आम्ही डॉक्टरांनीही निदान सांगण्याआधी तसा एक काप मनात ठेवावा.